शब्द तोंडातला की छापातला?

चि. मृण्मयीस,

इंग्रजी संभाषणाच्या वर्गासाठी शब्दांची यादी करताना, शब्द रोजच्या बोलण्यातला आहे की नाही हे तू पुस्तकांतल्या आढळावरून ठरवतेस. त्यासाठीचा गूगलचा एनग्रॅम हा शब्दमोजक छापील पुस्तकांवर उभा आहे. त्यावरून लेखकांची सवय कळते, दुकानातल्या गिऱ्हाइकाची नाही. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसचेच बघ. दहा कोटी शब्दांच्या या संग्रहात बोललेला मजकूर जेमतेम एक दशांश, आणि त्यातही भाषणे, बैठका, रेडिओ आलेच. म्हणून एकूण आकडा पाहून ‘फर्दरमोर’ला बोलीत बसवू नकोस. निव्वळ घरगुती गप्पा हव्या असतील तर याच संग्रहाची २०१४ ची बोली आवृत्ती घे: २०१२ ते २०१६ मधली ध्वनिमुद्रणे, सुमारे १ कोटी १५ लाख शब्द. तिथेही शब्द किती वेळा आला यापेक्षा किती जणांच्या तोंडून आला हे आधी पाहा. मासेमारीचा एखादा शौकीन आपल्या गळाचे नाव तासाभरात वीसदा घेतो, म्हणून ते नाव सर्वांचे होत नाही.

तू म्हणशील, एवढा खटाटोप कशाला, इंग्रजालाच विचारू. जरूर विचार, पण अमुक शब्द बोलता येतो का, एवढेच तो खात्रीने सांगेल. किती बोलला जातो, हा अंदाज त्याचाही चुकतो, कारण खटकणारा शब्द लक्षात राहतो आणि सरावाचा राहत नाही. शिवाय ‘फोर्टनाइट’ लंडनमध्ये नेहमीचा, अमेरिकेत क्वचितच. सिनेमाच्या उपशीर्षकांतले शब्द मोजावे म्हटले, तर ती लिहिलेलीच असतात, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. गुन्हेपटांमुळे पोलिसी शब्द त्यांत फुगणारच. तरी संशोधक ब्रिसबर्ट आणि न्यू यांनी २००९ मध्ये उपशीर्षकांतल्या ५.१ कोटी शब्दांची मोजणी मांडली, तेव्हा लोक शब्द किती चटकन ओळखतात याचा अंदाज १९६७ च्या छापील मजकुरावरच्या मोजणीपेक्षा तिने अधिक चांगला दिला. लिहिलेले असले तरी संवाद बोलीच्या जवळचा असतो, असा तर्क त्यातून करता येतो.

उरला प्रश्न संग्रहांच्या आकाराचा. दहा लाखांत एकदा येणारा शब्द त्या बोली संग्रहात अकरा-बारा वेळा सापडावा. त्याहून विरळ शब्द निव्वळ योगायोगानेही निसटेल. तेव्हा शून्य दिसले की ‘वापरात नाही’ असा शेरा मारू नकोस, ‘नोंद सापडली नाही’ असे लिही. आणि घाई असेल तेव्हा लाँगमनचा विद्यार्थीकोश उघड. बोलण्यातल्या पहिल्या हजार शब्दांपुढे त्यात ‘एस १’ अशी खूण असते, आणि तुझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांना तेवढे शब्द पुरेत.

तुझा,
काका