नर्सिंगची पहिली नोकरी: पैसे कुठे भरायचे आणि कुठे एक रुपयाही द्यायचा नाही

निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी फाइल घेऊन हॉस्पिटलांच्या पायऱ्या चढू नका. आधी कौन्सिलची नोंदणी करा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक हाती नसेल तर चांगलं हॉस्पिटल तुम्हाला घेत नाही. जे घेतं ते ‘ट्रेनी’ म्हणून, कमी पगारावर घेतं, आणि तो काळ पुढे सरकारी भरतीत अनुभव म्हणून धरला जात नाही. सहा महिने राबायचं आणि कागदावर शून्य.

बीएस्सी किंवा जीएनएम झालेल्यांची नोंदणी आरएन आणि आरएम अशी दोन्ही होते, एएनएमची वेगळी. दहावी-बारावीच्या आणि नर्सिंगच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, उत्तीर्ण प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो एवढं आधीच स्कॅन करून ठेवा. फी थेट परिषदेकडे भरा आणि पावती जपून ठेवा. काही कॉलेजांत ऑफिसमधून ‘सगळ्यांचं एकदम करून देतो’ म्हणत एकगठ्ठा रक्कम गोळा होते. त्यात कौन्सिलची फी किती आणि वरचे पैसे कशाचे, हे लेखी विचारा. वरच्या पैशांची पावती मिळत नसेल तर अर्ज स्वतः भरा.

भारतीय परिचर्या परिषदेच्या राष्ट्रीय नोंदवहीतला एनयूआयडी क्रमांकही काढून घ्या. राज्य बदलताना तो उपयोगी पडतो. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घेतलेल्या प्रशिक्षणाचे, तास लागतात. भारतीय परिषदेचा निकष पाच वर्षांत १५० तासांचा आहे. पहिल्या कार्यशाळेपासून प्रमाणपत्रं एका फोल्डरमध्ये ठेवत गेलात, तर पाचव्या वर्षी घाईघाईत पैसे देऊन तास गोळा करत फिरावं लागणार नाही.

नावाचं मात्र आत्ताच बघा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, आणि लग्न झालेलं असेल तर पासपोर्टवर नवं आडनाव. इथल्या इंटरव्ह्यूत हे खपून जातं, परदेशाच्या पडताळणीत अडकतं. शक्य असेल तर व्यवसायात दहावीच्या गुणपत्रिकेवरचंच नाव कायम ठेवा. बदलायचंच असेल तर राजपत्रात प्रसिद्धी द्या. तो अर्ज शासन मुद्रण संचालनालयाच्या पोर्टलवर तुम्हालाच भरता येतो, मध्यस्थ लागत नाही.

सरकारी भरती: फी थोडी, वरखर्च जास्त

एम्सची नॉरसेट परीक्षा साधारण वर्षातून दोनदा होते. नागपूरचं एम्सही याच परीक्षेतून भरती करतं. बीएस्सी झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएम झालेल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव लागतो. वयोमर्यादा १८ ते ३० आहे, राखीव प्रवर्गांना सवलत. फी खुल्या वर्गाला आणि ओबीसींना ३,०००, अनुसूचित जाती-जमाती आणि ईडब्ल्यूएसना २,४००, दिव्यांगांना माफ. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांनी परीक्षा दिली तर फी परत मिळते. त्यासाठी अर्जातला बँक खात्याचा तपशील दोनदा तपासा. मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं. ८० टक्के जागा महिलांसाठी असतात, मुलांनी आपली स्पर्धा उरलेल्या २० टक्क्यांत आहे हे धरून अभ्यासाला लागावं.

बाकीच्या परीक्षांची फी अगदीच थोडी आहे, तरी पोरं त्या सोडून देतात. ईएसआयसीची नर्सिंग ऑफिसर भरती २०२४ मध्ये यूपीएससीने घेतली. जागा १,९३० होत्या, फी २५ रुपये आणि महिलांना तीही माफ. रेल्वेच्या भरतीत खुल्या वर्गातल्या आणि ओबीसी पुरुषांना ५०० रुपये भरावे लागतात, पण परीक्षेला बसलात की ४०० परत येतात. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींचे २५० बँकेचं शुल्क वजा होऊन परत मिळतात. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाच्या २०२३ च्या भरतीत खुल्या वर्गाला १,००० आणि राखीव वर्गाला ९०० रुपये फी होती. राज्यात अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून आहे. दर वेळी नवी जाहिरात स्वतः वाचा, मागच्या वर्षीच्या आकड्यावर विसंबू नका.

खरा खर्च परीक्षा केंद्राचा. केंद्र दुसऱ्या शहरात आलं तर तिकीट, एक रात्र मुक्काम आणि बहुतेक वेळा सोबत येणाऱ्या घरच्या माणसाचा खर्च धरून फीच्या दुप्पट सहज जाते. आणि जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेयर, अधिवास हे जाहिरात यायच्या आत काढून ठेवा. जाहिरात आली की सेतू केंद्रात रांग लागते आणि एजंटचा भाव वाढतो.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जागा कंत्राटी असतात. जिल्हा परिषदेच्या जाहिरातींत स्टाफ नर्सचं मानधन बहुतेक २०,००० असतं. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला २५,००० आणि कामावर आधारित मोबदला १५,००० पर्यंत. तो वरचा मोबदला दर महिन्याला पुरा मिळेल असं धरून घरभाडं ठरवू नका.

खासगी हॉस्पिटल: पगाराचा कागद असा वाचा

इंटरव्ह्यूत ‘वीस हजार’ ऐकलंत की लगेच विचारा: हातात किती? वीस हजार हा सीटीसीचा आकडा असेल तर हिशोब असा होतो. मूळ वेतन ११,००० धरू. मालकाच्या वाट्याचे पीएफचे १,३२० आणि ईएसआयचे साधारण ५९० त्या वीस हजारांतच धरलेले असतात. उरले सुमारे १८,०९०. यातून तुमच्या वाट्याचे पीएफचे १,३२० आणि ईएसआयचे १३६ गेले की हातात १६,६३० च्या आसपास येतात. हॉस्टेलचे ३,००० आणि मेसचे २,५०० कापले तर ११,१३०. वीस हजारांची नोकरी अकरा हजारांवर आली, आणि यात कुणी चोरी केलेली नाही. तुम्ही विचारलं नव्हतं, एवढंच.

महिलांनी पगारपत्रकातला व्यवसाय कराचा रकानाही बघावा. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर १ एप्रिल २०२३ पासून लागू नाही. तरीही छोट्या हॉस्पिटलांत २०० रुपये सरसकट कापले जातात. पुरुषांना मात्र १०,००० च्या वर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० द्यावे लागतात.

घासाघीस करताना आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी परिचारिकांच्या पगाराची शिफारस केली. ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २०,०००, ५० च्या वर खाटा असतील तर सरकारी पगारापेक्षा फार तर २५ टक्के कमी, १०० च्या वर फार तर १० टक्के कमी आणि २०० च्या वर सरकारीइतकाच. ही शिफारस आहे, कायदा नाही, आणि बहुतेक ठिकाणी पाळली जात नाही. पण तीनशे खाटांचं हॉस्पिटल पंधरा हजारांवर सही मागत असेल तर मान खाली घालून करू नका.

सही करण्याआधी गणवेशाचे आणि बुटांचे पैसे कोण देणार, वैद्यकीय तपासणी आणि हेपॅटायटिस बीचे तीन डोस कुणाच्या खर्चाने, ड्यूटी आठ तासांची की बाराची, रात्रपाळी संपल्यावर गाडी मिळते का, महिन्यात किती सुट्ट्या आणि नोटिसीचा काळ किती, हे सगळं विचारा. बीएलएसचं प्रमाणपत्र दोन वर्षंच चालतं. मोठी हॉस्पिटलं अनेकदा ते रुजू झाल्यावर स्वतःच्या खर्चाने करून देतात, म्हणून आधी विचारा आणि मग पैसे भरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायची नाहीत. दाखवायची, समोर पडताळून घ्यायची, परत घ्यायची आणि साक्षांकित प्रती द्यायच्या. माझ्या मावसबहिणीने पहिल्या नोकरीत गुणपत्रिका आणि नोंदणीचं प्रमाणपत्र एका नर्सिंग होमच्या ऑफिसात जमा केलं. कपाटाची चावी तिथल्या मॅडमच्या पर्सला आणि मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. सरकारी भरतीच्या कागदपत्र पडताळणीचा दिवस आला तेव्हा मॅडम बाहेरगावी होत्या. काचेच्या कपाटात तिला तिचीच हिरवी फाइल दिसत होती. पडताळणीची वेळ टळली, जागा गेली. आजही ती गोष्ट निघाली की ती उठून स्वयंपाकघरात जाते.

बाँड लिहून मागतात तेव्हाही थांबा. परिचारिकांकडून बाँड घेऊ नये आणि त्यांची प्रमाणपत्रं अडकवू नयेत, अशी भारतीय परिचर्या परिषदेची भूमिका आहे. तरीही एक-दोन वर्षांचा बाँड आणि आधी सोडलं तर अमुक हजार, असा कागद पुढे येतोच. रक्कम न भरलेल्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही नको. सही केलीत तर प्रत घ्या. राजीनामा देताना ईमेल करा आणि कागदी प्रतीवर पोच घ्या, नाहीतर ‘आम्हाला मिळालाच नाही’ म्हणून नोटिसीचा पगार कापतात. पगारच अडकवला तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या, त्यासाठी वकील लागत नाही.

अनुभव प्रमाणपत्रावर हॉस्पिटलच्या खाटांची संख्या, तुमचा विभाग आणि रुजू झाल्या-सोडल्याच्या तारखा लिहून घ्या. खाटा लिहिलेल्या नसल्या तर जीएनएमवाल्यांचं दोन वर्षांचं काम नॉरसेटसाठी वाया जातं. घरी पेशंट सांभाळायला पाठवणाऱ्या ब्युरोकडे रोजचे पैसे बरे दिसतात, पण ते कमिशन कापूनच हातात देतात आणि त्या कामाचा हॉस्पिटलमधला अनुभव धरला जात नाही. दोन महिने अडचण भागवायला ठीक, सुरुवात तिथून नको.

गाव किंवा राज्य बदलताना

लग्नामुळे किंवा जोडीदाराच्या बदलीमुळे दुसऱ्या राज्यात निघालात तर तिथल्या कौन्सिलची नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी महाराष्ट्राच्या परिषदेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. हा अर्ज सामान बांधायच्या आधी करा, कारण तो होईपर्यंत तिकडे नोकरी मिळाली तरी रुजू होता येत नाही. इथल्या नोंदणीचं नूतनीकरण थकलं असेल तर आधी ते, मग ना हरकत. दोन्ही ठिकाणची फी, कागदपत्रांचं कुरियर आणि नोकरीविना जाणारे एक-दोन महिने हे सगळं खर्चात धरा.

गोव्यात खासगी हॉस्पिटलांत सिंधुदुर्गातून जाणाऱ्यांना फार अडचण येत नाही. तिथल्या सरकारी जागांसाठी मात्र १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचं ज्ञान लागतं, मराठी येत असल्यास अधिक चांगलं. केवळ मराठीच्या भरवशावर तिथल्या सरकारी भरतीची फी भरू नका.

परदेश: इथे लाखांनी फसवतात

आखातासह १८ देशांत नर्स म्हणून जायचं तर, दहावी पास असल्याने पासपोर्टवर ‘परवानगी आवश्यक’ असा शिक्का नसला तरी, ई-मायग्रेट पोर्टलवरून परवानगी घ्यावी लागते. ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून देतो’ म्हणणारा माणूस नेमकी हीच परवानगी टाळत असतो. तिकडे पगार अडकला तर मदत मागायला तुमच्या हातात कागद उरत नाही.

नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, तेही पावती देऊन. २०१५ मध्ये कोचीत सीबीआयच्या तपासात पुढे आलं की कुवेतला जाणाऱ्या परिचारिकांकडून १९,५०० च्या ऐवजी साडेएकोणीस लाख घेतले गेले होते. तेव्हापासून आखाती भरती मुख्यतः सरकारी संस्थांकडे आहे. केरळच्या नोर्का रूट्स आणि ओडेपेक या त्यातल्या जुन्या संस्था, त्यांच्या जाहिराती त्यांच्याच संकेतस्थळांवर बघा.

युनायटेड किंगडमला जायचं तर खर्चाचे टप्पे ठरलेले आहेत: अर्ज तपासणीचे १४० पौंड, संगणक परीक्षेचे ८३, तिकडे गेल्यावर प्रात्यक्षिक परीक्षेचे ७९४ आणि नोंदणीचे १५३. एकूण १,१७० पौंड, म्हणजे सव्वा लाख रुपयांहून जास्त. इंग्रजीची परीक्षा वेगळी. यातला काही भाग अनेक हॉस्पिटलं परत देतात. तिथल्या आचारसंहितेनुसार नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत, म्हणून कुणी ‘प्लेसमेंट चार्जेस’ मागितले की तिथेच उठा.

जर्मनीसाठी भाषेची बी-१ किंवा बी-२ पातळी लागते. शून्यापासून सुरू केलंत तर वर्षभर धरा. क्लासवाला भाषेची फी आणि नोकरीची फी एकत्र सांगत असेल तर दोन्ही वेगळ्या लिहून मागा. भाषा शिकवण्याचे पैसे रास्त आहेत, नोकरीच्या हमीचे नाहीत.

पैसे ऑनलाइन गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते. भरती एजंटबद्दलची तक्रार ई-मायग्रेटवर किंवा मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात करा. सोबत पावत्या, चॅट आणि ज्या दिवशी पैसे मागितले त्या दिवशी पोर्टलवर एजंटचा नोंदणी क्रमांक चालू होता की नाही, याचा स्क्रीनशॉट जोडा. तो स्क्रीनशॉट पैसे देण्याआधी काढायचा असतो.