रंगाआधी भिंत पाहा

शाबान लागला की आपल्या मोहल्ल्यांत घर-दुकानाच्या रंगकामाची घाई सुरू होते. रमजानपूर्वी काम उरकावे हे ठीकच. पण रंगावर पैसा घालण्याआधी भिंत नीट पाहावी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली गाडली गेली. लातूरकराला तरी भेगेची बाब क्षुल्लक वाटू नये.

केसाएवढी भेग बहुधा गिलाव्याची असते. ती खरवडून, धूळ झाडून, पाणी मारून पांढऱ्या सिमेंटची लांबी भरावी. परंतु दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी भेग आधी अभियंत्याला दाखवावी. भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. भेग खुणेपुढे गेली तर ती वाढते आहे असे समजावे. ओल असल्यास आधी गळती बंद करावी आणि भिंत वाळू द्यावी, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात.

खर्च कमी ठेवायचा तर चुन्याची सफेदी करावी. कळीचा चुना रात्रभर भिजवून, कापडाने गाळून, थोडा डिंक घालून पातळ हात द्यावेत. भिजवताना चुना उकळतो. मुलांना दूर ठेवावे.

घर विकायचे असेल तर भेग रंगाखाली झाकू नये. आपण कापडवाले ठाणातला डाग गिऱ्हाइकाला दाखवतो. भिजलेले धान्य ढिगाच्या आत ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातच विचारले होते की, ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? भिंतीचा व्यवहारही त्याहून वेगळा नाही.