पाच इंद्रियांची बाग

उद्यान म्हटले की हिरवळ, ताटवे आणि ‘फुलांना हात लावू नये’ ही पाटी आठवते. म्हणजे बाग केवळ डोळ्यांसाठी! ज्याची दृष्टी गेली त्याने काय करावे?

माझ्या आजीला दोन वर्षांपासून दिसत नाही. गेल्या चैत्रात आम्ही दोघे वर्ध्याला उतरून सेवाग्रामला गेलो. ओसरीची सारवलेली जमीन संपून अनवाणी पायांना खडी लागली, तशी ती थांबली. ‘हेच हाय ना रे प्रार्थनेचं पटांगन?’ १९३६ साली गांधीजींनी लावलेला पिंपळ तिने सळसळीवरून ओळखला, कस्तुरबांची बकुळ वासावरून.

तत्त्व साधे आहे. पायाखालची जमीन बदलली की जागा कळते, पानांच्या आवाजाने दिशा कळते, सुगंधाने वळण कळते.

आपल्या महाविद्यालयातही हे जमेल. फाटकापासून ग्रंथालयापर्यंत खडीची पट्टी, वळणावर बकुळ, भिंतींपासून दूर पिंपळ आणि कमरेइतक्या ओट्यावर चाखून पाहण्यासाठी तुळस, पुदिना. खर्च थोडा आहे. ती पाटी मात्र काढावी लागेल. मग स्नेहसंमेलनाला आलेल्या माझ्या आजीला कोणी हात धरून आणावे लागणार नाही.