एकस्वांचा संच आणि उद्योगाचे धोरण

एकस्व, म्हणजेच व्यवहारातील पेटंट, हे संशोधकाला मिळणारे पारितोषिक होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो एक करार आहे. संशोधक आपल्या शोधाचे रहस्य समाजापुढे उघड करतो. त्याच्या मोबदल्यात, अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे, इतरांना त्या शोधाचा उपयोग करण्यापासून रोखण्याचा अधिकार राज्यसंस्था त्याला देते. हा अधिकार ज्या देशात मिळवला असेल त्या देशापुरताच असतो.

परंतु आजच्या एकाच यंत्रात शेकडो शोध सामावलेले असतात. त्यांपैकी एकाच शोधाचे एकस्व असेल, तर प्रतिस्पर्धी त्याला वळसा घालून जाऊ शकतो. म्हणून उद्योगसंस्थेला एकस्वांचा सुविचारित संच उभारावा लागतो.

अशा संचाचे सामर्थ्य किती असते? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने 1985 मध्ये बंगळूर येथे आपले अभिकल्प केंद्र स्थापन केले. पुढच्याच वर्षी तिने स्मृति-चिप बनविणाऱ्या जपानी कंपन्यांवर आणि कोरियाच्या सॅमसंगवर एकस्वभंगाचे दावे दाखल केले. त्यानंतरच्या तडजोडींतून तिला स्वामित्वशुल्काचे मोठे उत्पन्न मिळू लागले. कॅनडाच्या नॉर्टेल या दूरसंचार कंपनीचे उदाहरणही बोलके आहे. 2009 मध्ये तिचे दिवाळे निघाले. मात्र 2011 मध्ये तिची सुमारे 6,000 एकस्वे व अर्ज 4.5 अब्ज डॉलरना विकले गेले. कारखाना बंद पडला, तरी त्यातील ज्ञानाचे मोल शिल्लक राहिले.

संच उभारताना चार प्रश्नांचा विचार करावा लागतो.

पहिला प्रश्न निवडीचा. ज्या शोधावर मालाचे वैशिष्ट्य अवलंबून आहे, तो आधी घ्यावा. दुसऱ्याने केलेली नक्कल बाहेरून ओळखता येणार नसेल, तर तो शोध गुपित ठेवणेच बरे. भारतीय कायद्यानुसार निव्वळ संगणक-कार्यक्रमाला एकस्व मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

दुसरा प्रश्न वेळेचा. शोध परिषदेत किंवा लेखात आधीच प्रकट झाला, तर त्याचे नावीन्य सर्वसाधारणपणे नष्ट होते. म्हणून अर्ज आधी, प्रसिद्धी नंतर.

तिसरा प्रश्न देशांचा. बंगळूरच्या अर्जदाराचे एकस्व कार्यालय चेन्नई हे होय. भारतात राहणाऱ्याने परदेशी अर्ज करण्यापूर्वी येथे अर्ज करून सहा आठवडे थांबावे, अथवा कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी, असा नियम आहे. पहिल्या अर्जापासून 12 महिन्यांच्या आत परदेशी अर्ज केल्यास मूळ तारखेचा लाभ मिळतो. जेथे माल विकला जाईल किंवा प्रतिस्पर्धी तो तयार करील, तेच देश निवडावेत.

चौथा प्रश्न त्यागाचा. एकस्व टिकविण्यासाठी भारतात तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचे शुल्क भरावे लागते. ज्याचा उपयोग संपला, ते एकस्व सोडून देण्यातच शहाणपण असते.

हा विचार बंगळूरच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. परकीय कंपन्यांच्या येथील केंद्रांत भारतीय अभियंते शोध लावतात. एकस्वावर शोधक म्हणून त्यांची नावेही येतात. परंतु मालकी सामान्यतः मूळ कंपनीकडे जाते. ज्याने शोध लावला, त्याच्या देशातील उद्योगाला तो वापरण्यासाठी परवानगी मागावी लागते. याला वेगळी वाट दाखविणारी उदाहरणेही आहेत. 2000 मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या तेजस नेटवर्क्स या कंपनीने प्रकाशतंतूंवरून संदेशवहन करणारी उपकरणे येथेच अभिकल्पित केली आणि स्वतःच्या नावे तीनशेहून अधिक एकस्व-अर्ज दाखल केले. दूरसंचाराच्या क्षेत्रात जुन्या व बलाढ्य कंपन्यांचे हक्क सर्वत्र पसरलेले असतात. तेथे नव्या कंपनीला स्वतःचे एकस्व हे केवळ आक्रमणाचे साधन नसते. दावा झाला तर तडजोडीच्या वेळी देण्यासारखे काही आपल्याजवळ असावे लागते. परस्परांना परवाने देण्याची प्रथा त्यातूनच निर्माण झाली आहे.

तेव्हा एकस्वांची केवळ संख्या पाहून संस्थेची योग्यता ठरवू नये. त्या संचामुळे तिला कोणती बाजारपेठ खुली राहते आणि कोणाशी बरोबरीच्या नात्याने बोलता येते, यावरच त्याचे खरे मूल्य अवलंबून असते.