दारावरील तारा
(शास्त्रपाठ : मत्तय २:९-१०, ५:१४-१६)

जर्मनी देशातील नीस्की गावी मोराव्हियन मंडळीची शाळा होती. १८३० नंतरच्या दशकात तेथे भूमितीच्या पाठाकरिता अनेक टोकांचा कागदी तारा करण्यात आला. पुढे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी कुटुंबाने मिळून तारा जोडावा व आत दिवा लावून टांगावा, अशी त्या मंडळीत रीत पडली. यावरून आम्हांस बोध होतो की, घरची रीत पैशाने नव्हे, तर दरवर्षी एकत्र बसल्याने पडते.

कोणी म्हणेल, "नाताळात दारी कंदील टांगणे हे दिवाळीचे अनुकरण नव्हे काय?" प्रकाश कोणा एकाचा नाही. ताऱ्याने मागी लोकांस वाट दाखविली, हे घरच्या लेकरास सांगता आले, म्हणजे आमचा तारा साक्ष होतो. न आले, तर ती केवळ शोभा होय.

म्हणून आम्ही सुचवितो :

१. कामट्या व पतंगाचा कागद घेऊन सर्वांनी मिळून तारा करावा. त्यासाठी कर्ज काढू नये.
२. कागदात मेणबत्ती ठेवू नये. विजेचा लहान दिवा बरा.
३. दिवा लावण्यापूर्वी वरील पाठ धाकट्याने वाचावा.
४. ज्या घरी यंदा दुःख झाले, तेथे दुसरा तारा करून न्यावा.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभु ज्या प्रकाशाविषयी बोलतो, तो सत्कृत्यांचा आहे. दारी तारा आणि शेजाऱ्याशी अबोला, असे असेल तर आमच्या घरी दिवा लागला आहे काय?