वाय दाबण्याआधी

धुळे ते जळगाव हा एसटीचा सगळा प्रवास मी मांडीवर कॉम्प्युटरचा सीपीयू घेऊन केला. पारोळ्याला शेजारी एक आजी येऊन बसल्या. चादरीत गुंडाळलेल्या खोक्याकडे बघून म्हणाल्या, “पेटीमा काय शे भाऊ?” म्हटलं, “कॉम्प्युटर शे, बिघडी गया.” हे अर्धं खोटं होतं. तो बिघडला नव्हता, मी बिघडवला होता. एक ब्राउझर टाकायला गेलो आणि अख्खं दुकान बंद पाडून बसलो.

देवपूरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला. खरा धंदा फॉर्म भरण्याचा: शिष्यवृत्ती, सीईटी, उत्पन्नाचा दाखला, सातबारा. कॉम्प्युटर जळगावच्या गोलाणी मार्केटमधून सेकंडहँड आणलेला, रॅम चार जीबी. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली आणि नवं विंडोज त्याला ओढवेना, तेव्हा भाच्यानं त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं. सोबत फायरफॉक्स आला. पुढे दोन वर्षं मशीननं कुरकुर केली नाही.

जूनमधली गोष्ट. दुकानात रांग, बाहेर ऊन. एका मुलीचा प्रवेशाचा फॉर्म शेवटच्या पानापर्यंत आला आणि ‘पुढे जा’ दाबलं की काहीच होईना. वडील शेतातलं काम टाकून आलेले, उभेच. पानाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही वेबसाइट क्रोममध्ये उत्तम दिसते. माझं निदान झालं! क्रोम नाही म्हणून अडलंय, तर क्रोम टाकू.

आता मिंटमध्ये क्रोम येत नाही, उबुंटू किंवा फेडोरा या इतर लिनक्सबरोबरही येत नाही. त्यामागं कारण आहे. गुगलनं २००८ पासून ब्राउझरचा मूळ कोड क्रोमियम या नावानं खुला ठेवला आहे. त्यावर स्वतःच्या गोष्टी चढवून गुगल जे बांधतं ते क्रोम, आणि ते खुलं नाही. लिनक्सवाले या बाबतीत फार काटेकोर. डेबियन या लिनक्सनं तर फायरफॉक्सच्या नावा-चिन्हाच्या हक्कावरून तो बनवणाऱ्या मोझिलाशी बिनसल्यावर २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ म्हणून वाटला. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मी ‘क्रोम डाउनलोड लिनक्स’ असं शोधलं आणि सगळ्यात वरचं दाबलं. ती जाहिरात होती.

पान उघडलं त्यावर हिरवी बटणंच बटणं. कुठलंसं दाबलं, डॉट डेब फाइल, म्हणजे टाकायचं पॅकेज, उतरली. डबल क्लिक केल्यावर मशीन म्हणालं, याला लागणारी बाकीची पॅकेजेस जुळत नाहीत. तिथं थांबायला हवं होतं. पण वडील उभे, रांग उभी. मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला मुलगा म्हणाला, सॉफ्टवेअरच्या यादीत ही एक ओळ घाला. मी अक्षर अक्षर बघून घातली. ती ओळ डेबियनच्या भांडाराची होती, आणि माझं मिंट उबुंटूवर उभं. दोन्हीत डॉट डेब चालतं, म्हणून एकाचं दुसऱ्यात ओतायचं नसतं. आपल्याकडे तणनाशक मारलेला पंप न धुता कपाशीवर मारला की पानांचं काय होतं ते खानदेशात कुणाला सांगायला नको.

मग टर्मिनलमध्ये ‘दुरुस्त कर’ची आज्ञा दिली. पासवर्ड मागितला. पडदा नावांनी भरून वर सरकला. मधेच इंग्रजीत एक ओळ होती, ‘पुढील पॅकेजेस काढली जातील’, आणि त्यातलं ‘काढली’ मोठ्या लिपीत. खाली लांबलचक यादी. त्या यादीत ‘सिनॅमन’ होतं, म्हणजे मिंटचा आख्खा डेस्कटॉप. शेवटी प्रश्न, पुढे जाऊ का, वाय की एन? विंडोजवर वीस वर्षं ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत आलेलं माझं बोट वायवर पडलं.

मशीन पुन्हा सुरू केलं तर काळा पडदा आणि कोपऱ्यात एकच शब्द: लॉगिन.

भाच्याला फोन लावला. तो जळगावला विद्यापीठात कॉम्प्युटरच शिकतो. “मामा, मशीन मेलं नाही, फक्त घराची दारं-खिडक्या काढून टाकल्यात तुम्ही. नाव-पासवर्ड टाका, मी सांगतो तसं करा.” अर्धा तास फोनवर प्रयत्न झाले, पण स्पेस कुठं द्यायची आणि कुठं नाही यातच माझा जीव गेला. शेवटी तो म्हणाला, घेऊन या. म्हणून ती एसटी.

त्यानं पेन ड्राइव्हवरून मिंट चालू केलं, आधी गिऱ्हाइकांचे फोटो आणि दाखले बाहेर काढून घेतले, मग सगळं नव्यानं टाकलं. हे करताना त्यानं मला एक गोष्ट ऐकवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबास्टियन नावाच्या कॅनडातल्या नावाजलेल्या यूट्यूबरनं पॉप ओएस या लिनक्सवर गेमचं स्टीम टाकायला घेतलं आणि त्याचाही डेस्कटॉप असाच उडाला. त्याच्याकडून तर मशीननं ‘हो, मी सांगतो तसं कर’ असं पूर्ण इंग्रजी वाक्य टाइप करून घेतलं होतं. मला जरा बरं वाटलं. भाचा म्हणाला, “बरं वाटून घेऊ नका. चूक त्यांच्या पॅकेजमध्ये होती. तुमच्या पॅकेजमध्ये सुद्धा होती, पण ते तुम्हीच आणलं होतं.”

आणि मग त्यानं तोच फॉर्म नव्या फायरफॉक्समध्ये उघडला. ‘पुढे जा’ दाबल्यावर पानाच्या वर एक पट्टी आली: पॉप-अप रोखला आहे. त्यानं परवानगी दिली, खिडकी उघडली, ओटीपी मागितला. क्रोमचा काही संबंधच नव्हता. ती पट्टी माझ्या दुकानातही आलीच असणार. मी खालची बारीक अक्षरं वाचली आणि वरची ठळक वाचली नाहीत.

तेव्हा कुणाला दुसरा ब्राउझर टाकायचाच असेल तर मी आता असं सांगतो. आधी मिंटचं सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा. क्रोमियम तिथं आहे, मिंटवाले तो स्वतः बांधतात, आणि बहुतेक फॉर्मना तेवढा पुरतो. उबुंटूवर १९.१० या आवृत्तीपासून क्रोमियम स्नॅप या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजच्या रूपात येतो. जुन्या मशीनवर पहिल्यांदा उघडायला वेळ घेतो, घाबरू नका. मिंटच्या मॅनेजरमध्ये फ्लॅटपॅक या आणखी एका प्रकारच्या पॅकेजचा क्रोमही सापडेल, पण तो गुगलनं ठेवलेला नाही, स्वयंसेवकांनी बांधलेला आहे. मिंट २२ पासून असली पडताळणी न झालेली फ्लॅटपॅक दाखवणं मुळातच बंद ठेवलेलं असतं. माझ्यासारखा, लोकांची आधार कार्डं हाताळणारा माणूस असेल तर त्यानं ते बंदच राहू द्यावं.

खरा क्रोमच हवा तर शोधायचं नाही. गुगलच्या क्रोमचा पत्ता हातानं टाइप करायचा आणि तिथून फाइल घ्यायची. मिंट, उबुंटू, डेबियनला डॉट डेब; फेडोरा, ओपनसुसेला डॉट आरपीएम. त्याआधी टर्मिनलमध्ये ए, आर, सी, एच ही चार अक्षरं टाकून बघायचं. उत्तरात शेवटी ६४ आलं तर ठीक. आय६८६ आलं तर मशीनवर ३२ बिटचं लिनक्स आहे. क्रोमनं ते २०१६ च्या मार्चमध्ये सोडलं, आणि फायरफॉक्सनंही २०२५ मध्ये १४४ व्या आवृत्तीनंतर सोडून दिलं. अशा वेळी कुणी ‘३२ बिटचा क्रोम’ देत असेल तर तो वर्षानुवर्षं जुना, भोकं पडलेला माल आहे. बऱ्याचदा चिप ६४ बिटची असते आणि टाकणाऱ्यानं चुकून ३२ बिटचं लिनक्स टाकलेलं असतं. तिथं ब्राउझर नव्हे, लिनक्स बदलायचं.

गुगलची डॉट डेब टाकली की ती जाताना तुमच्या यादीत गुगलच्या भांडाराची एक ओळ घालून जाते. ही ओळ परकी वाटली तरी काढू नका, तिच्यामुळेच पुढचे अपडेट मिंटच्या अपडेट मॅनेजरमधून येत राहतात. मी व्हिडिओतून घातलेली ओळ आणि ही ओळ दिसायला सारख्या; फरक एवढाच की ही ज्यानं ब्राउझर बनवला त्यानं घातलेली आहे. क्रोम पहिल्यांदा उघडल्यावर कधीकधी ‘कीरिंग’चा, म्हणजे पासवर्ड जपणाऱ्या कुलपाचा, पासवर्ड मागतो. तो बहुतेक वेळा तुमचा लॉगिनचाच पासवर्ड असतो, कुणी हल्ला केलेला नसतो.

सिस्टिमची आधीची अवस्था जपून ठेवणाऱ्या टाइमशिफ्टबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार. मिंटमध्ये ते आधीपासून असतं आणि पहिल्या दिवशीचं स्वागताचं पान ते चालू करा म्हणून सांगतं. मी ते पान बंद केलं होतं. चालू केलं असतं तर कालचं मिंट परत आणायला पंधरा-वीस मिनिटं लागली असती, एसटी लागली नसती. फक्त ते सिस्टिम जपतं, तुमच्या फाइली जपत नाही. गिऱ्हाइकांचे कागद मी आता रोज रात्री वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेतो.

ते वडील दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. फॉर्म जळगावहूनच भरून झाला होता, मी पावती हातात दिली. त्यांनी पन्नासची नोट काढली, मी घेतली नाही. “क्रोम बसनं का मग?” त्यांनी विचारलं.

म्हटलं, “नही भाऊ. लागनंच नही.”