पगार सिंगापूरचा, घर जोहोरचं: किती वाचतं?

प्रश्न: माझी मुलगी नोकरीसाठी सिंगापूरला असते. तिच्या ऑफिसातले काही मलेशियन सहकारी खाडीपलीकडच्या जोहोर बारूत राहतात आणि रोज ये-जा करतात. तिथे भाडं निम्म्याहूनही कमी आहे म्हणे. मुलीच्याही मनात तिकडे राहायला जायचं आहे. सिंगापुरात कर कमी, मलेशियात स्वस्ताई, म्हणजे दोन्हीकडचा फायदा, असं तिचं म्हणणं. पण एवढं सोपं असतं तर सगळ्यांनीच नसतं का केलं? दोन्ही देशांचा हिशेब एकदा समजावून सांगाल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आधी मुलीपुरतं सांगतो, कारण तिथे प्रश्न पैशांच्या आधी परवान्याचा आहे. भारतीय पासपोर्टवर मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं. डिसेंबर २०२३ पासून ही सवलत आहे, पण ती फिरायला जाणाऱ्यांसाठी. घर भाड्याने घेऊन रोज सकाळी सीमा ओलांडायची आणि रात्री पाहुणा म्हणून परत शिरायचं, हे त्या सवलतीत बसत नाही. मुक्कामाचा रीतसर परवाना लागतो. तिचे सहकारी मलेशियाचे नागरिक आहेत, त्यांना आपल्या घरी जायला कुणाची परवानगी लागत नाही. तिच्या आणि त्यांच्या हिशेबातला पहिला फरक हा.

आता कर. सिंगापुरात वर्षाच्या करपात्र उत्पन्नातल्या पहिल्या २० हजार डॉलरवर कर नाही. (या उत्तरात डॉलर म्हणजे सिंगापूरचा.) पुढे २ टक्क्यांपासून दर चढत जातात आणि १० लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर २४ टक्के लागतात. मलेशियात पहिले ५ हजार रिंगिट मोकळे आणि २० लाखांच्या वर ३० टक्के. पण सर्वांत वरचा दर पाहून सामान्य पगारदाराला काहीच कळत नाही. आकडा घालून पाहू. करपात्र उत्पन्न ८० हजार डॉलर असेल तर सिंगापूरचा वर्षाचा कर होतो ३,३५० डॉलर. एका डॉलरला सव्वातीन रिंगिट धरले तर हीच कमाई २ लाख ६० हजार रिंगिट झाली. तेवढ्या करपात्र उत्पन्नावर मलेशियात ४९,४०० रिंगिट भरावे लागतात, म्हणजे सुमारे १५,२०० डॉलर. जवळजवळ साडेचारपट.

बहुतेक लोक तुलना इथे थांबवतात आणि मलेशिया कराच्या बाबतीत कडक आहे असं ठरवून मोकळे होतात. मला ही तुलना चुकीची वाटते. जोहोरमध्ये राहून जोहोरमध्येच नोकरी करणाऱ्या किती जणांना २ लाख ६० हजार रिंगिट मिळतात? फार थोड्यांना. तिथे महिन्याला ५ हजार रिंगिट हा चांगला पगार समजला जातो. वर्षाचे झाले ६० हजार. हे सगळं करपात्र धरलं तरी त्यावर कर येतो २,६०० रिंगिट, म्हणजे ४.३ टक्के. आणि सिंगापूरच्या ८० हजारवाल्याचे ३,३५० डॉलर म्हणजे ४.२ टक्के. आपापल्या देशात बरा पगार मिळवणारी दोन माणसं कमाईचा जवळपास सारखाच हिस्सा सरकारला देतात. तफावत दिसते ती डॉलरला रिंगिटच्या तराजूत घातल्यावर.

हा तराजू कायम असा नव्हता. १९६५ साली सिंगापूर मलेशियापासून वेगळं झालं, त्यानंतरही काही वर्षं दोन्ही नाणी सारख्याच मोलाची होती. एकाचं नाणं दुसऱ्याकडे सहज चालायचं. ती व्यवस्था १९७३ मध्ये मोडली आणि तिथून डॉलर चढत गेला. आज सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये चिकन राईस साधारण चार-पाच डॉलरला मिळतो आणि जोहोर बारूतल्या साध्या खानावळीत आठ-दहा रिंगिटला. डॉलरमध्ये कमावणाऱ्याला पलीकडचं ताट अडीच-तीन डॉलरचं वाटतं. मलेशियाचं किमान वेतन फेब्रुवारी २०२५ पासून महिन्याला १,७०० रिंगिट आहे, म्हणजे सव्वापाचशे डॉलरच्या आसपास. ते ताट वाढणाऱ्याला आठ रिंगिट काही स्वस्त नाहीत.

कर कुठे भरायचा, हा पुढचा प्रश्न. नोकरी जिथे केली जाते तिथे पगारावर कर लागतो, त्यामुळे जोहोरमध्ये राहून सिंगापुरात काम करणाऱ्याच्या पगारावर सिंगापूरचाच कर. आपल्याकडच्या माणसाला तिथली एक गोष्ट चमत्कारिक वाटते: दरमहा टीडीएस कापलाच जात नाही. पगार पूर्ण हातात येतो आणि वर्षातून एकदा कराची नोटीस. ती रक्कम एकदम भरायची किंवा बँकेतून बिनव्याजी मासिक हप्ते लावून घ्यायचे. मुलीला पहिल्या पगारापासूनच कराचे पैसे बाजूला ठेवायला सांगा. नव्याने गेलेल्यांची ओढाताण होते ती नेमकी या पहिल्या नोटिशीला.

भविष्य निर्वाह निधीचंही तसंच. सिंगापूरचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्या पगारातून, वय पंचावन्नपर्यंत असेल तर, २० टक्के सीपीएफमध्ये जातात आणि कंपनी वर १७ टक्के घालते. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, गेलेल्या परदेशी माणसाला हे लागू नाही. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या सिंगापुरी सहकाऱ्यापेक्षा तिच्या हातात जास्त पैसे येतात. पण त्याचं म्हातारपण आणि घर त्या निधीतून उभं राहतं, तिचं तिलाच पाहायचं आहे.

मग इतका कमी आयकर घेऊन सिंगापूर चालतं कशावर? बरंच काही कंपन्यांच्या करातून आणि राखीव गंगाजळीच्या उत्पन्नातून येतं. खरेदीवरचा जीएसटी २०२२ पर्यंत ७ टक्के होता, २०२३ मध्ये ८ आणि १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के झाला, आणि तो तांदूळ-भाजीपाल्यालाही सुटत नाही. पण या बेटाचा खरा जोर आहे जागेवर. जमीन मोजकी आहे, तेव्हा जो जागा अडवेल त्याने मोजावं, हे धोरण.

ते गाडीत सर्वांत उघड दिसतं. १९९० पासून तिथे गाडी घेण्याआधी ती रस्त्यावर आणण्याचा हक्क लिलावात विकत घ्यावा लागतो. त्याला सीओई म्हणतात आणि तो दहाच वर्षं चालतो. २०२३ मध्ये लहान गाड्यांच्या सीओईनेही एक लाख डॉलर ओलांडले. गाडी यात आली नाही, नोंदणीची फी वेगळी आणि जीएसटी वेगळा. मलेशियात घराघरात दिसणारी पेरोडुआची मायवी साधारण ५० हजार रिंगिटला येते. सिंगापूरच्या नुसत्या एका सीओईच्या पैशांत जोहोरमध्ये सहा नव्या मायवी दारात उभ्या राहतील. सिंगापुरात गाडी नसण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, कारण मेट्रो आणि बस उत्तम आहेत. तुमची मुलगी गाडीच्या फंदात पडणार नसेल तर महागाईचा हा सर्वांत मोठा डोंगर तिच्या वाटेत नाही.

घराचं तसं नाही. सिंगापूरचे बहुसंख्य रहिवासी सरकारी एचडीबीच्या इमारतींत स्वतःच्या घरात राहतात. परदेशी माणसाला सरकारकडून ती घरं विकत मिळत नाहीत आणि खासगी घर घ्यायचं तर एप्रिल २०२३ पासून बहुतेक परदेशी नागरिकांना किमतीवर ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क आहे. म्हणजे तिला भाड्याशिवाय वाट नाही, आणि एका खोलीलाही हजार डॉलर सहज लागतात. तेवढ्या पैशांत जोहोर बारूत दोन खोल्यांचा बरा फ्लॅट मिळतो. मुलीचा मोह खोटा नाही.

पेट्रोलमध्ये मलेशिया उलटं करतो: वसूल करण्याऐवजी अनुदान देतो. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीपासून नागरिकांना ओळखपत्रावर आरओएन ९५ पेट्रोल १.९९ रिंगिट लिटरने मिळू लागलं. त्याच काळात सिंगापुरात लिटरला अडीच डॉलरहून जास्त पडत होते. म्हणून सिंगापूरच्या गाडीला पलीकडे जाताना टाकी किमान तीन चतुर्थांश भरलेली असावीच लागते, नाहीतर दंड. आणि मलेशिया परदेशी नंबरप्लेटच्या गाडीला हे स्वस्त पेट्रोल देत नाही. दोन्ही सरकारांनी आपापला खजिना सांभाळून ठेवला आहे.

बाजारहाटाचंही असंच. बाहेरून आणलेल्या वस्तूंवर सिंगापूरच्या रहिवाशांना थोडी जीएसटी सूट मिळते: ४८ तासांहून कमी वेळ बाहेर असाल तर १०० डॉलरपर्यंत, त्याहून जास्त असाल तर ५०० पर्यंत. एम्प्लॉयमेंट पासवाल्यांना मात्र ही सूट मुळीच नाही. जोहोरच्या दुकानातून सिंगापुरात काही न्यायचं तर नियमाने पहिल्या डॉलरपासून जीएसटी भरायचा. हे फार थोड्यांना माहीत असतं.

आणि आता तो खर्च, जो कुठल्याच तक्त्यात नसतो. दोन शहरांना जोडणारा कॉजवे जेमतेम एक किलोमीटरचा, १९२४ सालचा. रोज लाखो लोक तो ओलांडतात. सिंगापुरात सकाळच्या पाळीला हजर व्हायचं म्हणून हजारो मलेशियन कामगार पहाटे चारला उठतात, मोटारसायकलच्या रांगेत धूर खात उभे राहतात, एकाच सकाळी दोन देशांची इमिग्रेशन पार करतात आणि संध्याकाळी हेच उलट्या दिशेने. पावसाळ्यात रेनकोट घालून. शुक्रवारी संध्याकाळी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी घरी पोचायला किती तास लागतील, कुणी सांगू शकत नाही. सिंगापूरची हॉटेलं, कारखाने, दवाखाने यांच्या झोपेवर चालतात, आणि त्यांना आपण ‘दोन्हीकडचा फायदा घेणारे’ म्हणतो याचं मला वाईट वाटतं.

वूडलँड्स नॉर्थ ते बुकित चागर ही नवी रेल्वे २०२६ च्या अखेरीस सुरू करण्याचं नियोजन आहे. चार किलोमीटरचा मार्ग, पाच मिनिटांचा प्रवास, तासाला एका दिशेने दहा हजार माणसं, आणि दोन्ही देशांची तपासणी निघतानाच एका ठिकाणी. पहाटे उठणाऱ्यांचे तास यात खरोखर वाचतील. पण प्रवास सोपा झाला की डॉलर कमावणारे आणखी लोक स्टेशनजवळ घरं शोधणार, आणि रिंगिटमध्ये पगार घेणाऱ्या शिक्षिकेला किंवा नर्सला तिथलं भाडं झेपेनासं होणार. ही भीती मला खरी वाटते.

मुलीला सांगा, सिंगापुरातच ऑफिसच्या मेट्रो मार्गावर, शहराच्या कडेला खोली बघ. वूडलँड्स, यिशुन, जुराँग वेस्ट या भागांत मध्यवर्ती शहरापेक्षा भाडं कमी असतं. आणि नोकरी बदलताना किंवा देश सोडताना निदान दीड-दोन महिने आधी कंपनीला कळवायला सांगा. परदेशी कर्मचारी जाणार हे कळलं की कंपनीला त्याचे देय पैसे रोखून कराचा हिशेब मिटेपर्यंत थांबावं लागतं. शेवटचा पगार त्यात अडकतो, आणि घर सोडायची, विमानाच्या तिकिटाची, सामान पाठवायची देणी त्याच महिन्यात येतात.